बांध, वरचा मजला आणि मोयना : अमिताव घोष यांच्या सुंदरबनविषयक कादंबऱ्यांतील अनुकूलनविचार

प्रस्तावना

अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. गंगेच्या मुखाशी पसरलेला सुंदरबनचा बेटसमूह, तेथील भरती-ओहोटी, खारफुटीचे जंगल, वाघ आणि या सर्वांच्या मधोमध वसलेली माणसे हा तिचा विषय होय. गेल्या दोन दशकांत भारतीय विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यासक्रमांत ही कादंबरी स्थिरावली असून ‘पर्यावरणवादी समीक्षा’ या शीर्षकाखाली तिच्यावर विपुल लेखन झाले आहे. २०१९ साली ‘गन आयलंड’ या कादंबरीत घोष पुन्हा त्याच बेटांकडे आणि त्यांतील काही पात्रांकडे वळले. दरम्यानच्या काळात, २५ मे २००९ रोजी, ‘आयला’ चक्रीवादळाने सुंदरबनची घडी विसकटून टाकली होती. दुसऱ्या कादंबरीच्या प्रकाशनानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘बुलबुल’, २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ आणि मे २०२१ मध्ये ‘यास’ अशी वादळे आली.

बदलत्या समुद्राशी बेटावरच्या समाजाने जुळवून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा आज धोरणकर्त्यांचा प्रश्न आहे. या दोन कादंबऱ्यांतही तो आहे, किंबहुना धोरणाच्या कागदांपेक्षा तो तेथे अधिक टोकदारपणे येतो. समीक्षकांनी त्याचे उत्तर प्रामुख्याने फोकिर या कोळ्याच्या पात्रात शोधले. फोकिरला पाणी कळते, त्याला लिहिता-वाचता येत नाही, तो थोडे बोलतो आणि वादळात मरतो. प्रस्तुत लेखात असे मांडावयाचे आहे की, अनुकूलनाचा खरा विचार फोकिरभोवती नसून त्याच्या बायकोभोवती, मोयनाभोवती, आणि कादंबरीच्या कडेला उभ्या असलेल्या दोन बांधकामांभोवती आहे. ती म्हणजे मातीचा बांध आणि रुग्णालयाचा वरचा मजला. लेखकाला हे ठाऊक आहे. परंतु त्याने कथानक मात्र दुसऱ्यांना दिले आहे.

‘अनुकूलन’ या शब्दाविषयी

‘अनुकूलन’ हा शब्द जीवशास्त्रातून आला. परिसर बदलला की जीव बदलतो, जो बदलत नाही तो नष्ट होतो, असा त्याचा मूळ आशय. हवामानबदलाच्या चर्चेत तो आला तेव्हा त्याच्याबरोबर एक गृहीतही आले : बदलायचे आहे ते जीवाने, परिसराने नव्हे. मराठीत याला रोजच्या बोलण्यातला पर्याय ‘जुळवून घेणे’ हा आहे. आपल्या घरांत हा शब्दप्रयोग कोणाला उद्देशून होतो हे पाहण्यासारखे आहे. ‘जुळवून घे’ असे सासूला कोणी सांगत नाही. नव्याने आलेल्या सुनेला सांगतात. घरात ज्याचे सर्वांत कमी चालते त्याच्याकडूनच जुळवून घेण्याची अपेक्षा असते. बेटांवरच्या समाजांना अनुकूलनाचा उपदेश होतो तेव्हा त्यामागे हाच क्रम असतो. समुद्राचे तापमान वाढविण्यात ज्यांचा वाटा नगण्य, त्यांनीच घर उंच बांधावे, पीक बदलावे, वेळ आली तर गाव सोडावे.

घोष यांना या क्रमाची जाणीव आहे. ‘द हंग्री टाइड’च्या अखेरीस पियाली रॉय ही डॉल्फिनची अभ्यासक नवीन संशोधनप्रकल्प मांडते. संवर्धनाचा भार ज्यांना तो पेलणे सर्वांत अवघड आहे त्यांच्यावर टाकणारे काम आपल्याला करायचे नाही, अशी तिची भूमिका असते. कादंबरीच्या आरंभी ओर्केला डॉल्फिनखेरीज दुसऱ्या कशाकडेही न पाहणारी ही स्त्री या भूमिकेपर्यंत येते, हा तिचा प्रवास मोलाचा आहे. मात्र भार टाकू नये हे ठरल्यानंतर तो आज कोण वाहत आहे, हा प्रश्न उरतोच.

भूमी आणि पाणी

कादंबरीकडे वळण्यापूर्वी प्रदेशाची थोडी ओळख आवश्यक आहे. भारतीय सुंदरबनात सुमारे शंभर बेटे असून त्यांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे. ही वस्ती सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीच्या बांधांच्या आधाराने टिकून आहे. बहुतेक बांध मातीचे आहेत. भरतीच्या वेळी बांधाबाहेरचे पाणी आतल्या शेतजमिनीपेक्षा उंच असते, म्हणजे येथील शेतकरी दिवसातून दोनदा समुद्रपातळीच्या खाली राहतो. एकीकडे समुद्राची पातळी वाढत आहे, दुसरीकडे त्रिभुजप्रदेशाची जमीन स्वतःच खचत आहे. त्यामुळे सागर बेटाच्या परिसरात पाण्याची सापेक्ष वाढ जागतिक सरासरीहून अधिक आढळते. लोहाचारा बेट पाण्याखाली गेले. शेजारच्या घोरामाराचा मोठा भाग नदीने खाल्ला आणि तेथील अनेक कुटुंबे सागर बेटावर स्थलांतरित झाली.

ही वस्ती अनादी नाही. १९०३ साली डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश गृहस्थाने येथे दहा हजार एकर जमीन घेतली, जंगल तोडून बांध घातले आणि गोसाबा येथे सहकारावर आधारित वसाहत उभारण्याचा प्रयत्न केला. घोष यांनी कल्पिलेले लुसीबारी हे बेट त्याच प्रयत्नाची छाया आहे. तेव्हा सुंदरबनचे समाज ‘युगानुयुगे निसर्गाशी एकरूप’ आहेत, ही भाषा इतिहासाला धरून नाही. हे लोक कुठून तरी आलेले आहेत. खाऱ्या पाण्याच्या कडेला भात पिकविण्याची युक्ती त्यांनी कष्टाने साधली आणि ती दर पावसाळ्यात नव्याने साधावी लागते. कोकण-गोव्यातील खाजण शेतीची माहिती असणाऱ्या वाचकास हे समजण्यास वेळ लागणार नाही. गोव्यात बांध, पाण्याची ये-जा सांभाळणारी मानस आणि खारे पाणी सोसणारे कोरगुट भात या तिन्ही गोष्टी गावकरीच्या व्यवस्थेवर उभ्या होत्या. व्यवस्था ढिली पडली तिथे खाजणेही बुडाली.

फोकिरचे ज्ञान आणि उपग्रहाचा नकाशा

‘द हंग्री टाइड’चे दोन भाग ओहोटी आणि भरती या नावांनी येतात. दिल्लीत भाषांतराचा व्यवसाय करणारा कनाई दत्त दिवंगत मावसा निर्मल याने मागे ठेवलेली वही वाचण्यासाठी लुसीबारीला येतो. पिया त्याच सुमारास वनखात्याच्या माणसांसोबत निघालेली असताना पाण्यात पडते आणि फोकिर तिला वाचवितो. पियाला बंगाली येत नाही, फोकिरला इंग्रजी येत नाही. तरीही तो तिला डॉल्फिन नेमके कुठे, कोणत्या भरतीला सापडतात ते दाखवितो. भाषेवाचून होणाऱ्या या संवादावर समीक्षकांनी भरभरून लिहिले आहे, आणि ते पुष्कळ अंशी योग्यही आहे. अत्यंत संयमाने लिहिलेली ही प्रकरणे आहेत.

प्रश्न निर्माण होतो तो शेवटी. वादळात फोकिर पियाला झाडाशी बांधून स्वतःच्या शरीराने झाकतो. वादळाचा डोळा सरकून वारा उलट दिशेने वाहू लागल्यावर उडत आलेल्या लाकडाच्या आघाताने तो मरतो. पियाची सर्व टिपणे नष्ट होतात. उरते ते फक्त तिच्याजवळचे उपग्रहाशी जोडलेले उपकरण. फोकिरने होडी ज्या ज्या खाडीत नेली तो सगळा मार्ग त्यात नोंदला गेला आहे. हा नकाशा म्हणजे अनेक वर्षांचे काम आणि ग्रंथभर ज्ञान आहे, असे पिया सांगते व त्याच्याच आधारे आपला प्रकल्प उभारते. प्रकल्पाला ती फोकिरचे नाव देऊ पाहते.

हा शेवट सहानुभूतीने लिहिलेला आहे, आणि तरीही तो अस्वस्थ करतो. ज्ञान वाचले, ज्ञानी गेला. विकासाच्या कागदपत्रांत ‘स्थानिक ज्ञानाचे दस्तऐवजीकरण’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. त्याची इतकी नेमकी आणि इतकी नकळत झालेली प्रतिमा दुसऱ्या कादंबरीत क्वचितच सापडेल. फोकिर जिवंत असता तर त्याला या प्रकल्पात कोणते स्थान मिळाले असते? होडीवाल्याचे? वाटाड्याचे? की मोबदला घेणाऱ्या सहसंशोधकाचे? कादंबरीने त्याला मृत्यू देऊन हा प्रश्न स्वतःपुरता टाळला आहे. फोकिरच्या अबोलपणाचीही चिकित्सा व्हावयास हवी. तो बोलतो तेव्हा बहुधा बोनबीबीची कथा गातो, आणि ती आपल्यापर्यंत कनाईच्या भाषांतरातून येते. ज्याच्या ज्ञानाचा एवढा गौरव होतो त्याला स्वतःच्या भवितव्याविषयी एकही परिच्छेद मिळत नाही.

मोयना

असा परिच्छेद मिळतो तो मोयनाला. मोयना लुसीबारीच्या रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण घेत आहे. मुलगा तुतुल शाळेत जावा, बापाबरोबर होडीत नव्हे, असा तिचा हट्ट आहे. शहरी वाचकाला आणि काही अंशी कनाईलाही ती महत्त्वाकांक्षी, थोडी व्यवहारी वाटते. फोकिरच्या मौनासमोर तिचे बोलणे कोरडे भासते. बऱ्याच लेखांत ती ‘आधुनिकतेची प्रतिनिधी’ एवढ्या एका वाक्यात संपते.

परंतु तिच्या युक्तिवादाकडे नीट पाहिले तर काय आढळते? कनाईशी बोलताना ती सांगते की, पंधरा वर्षांत मासळी संपणार आहे, असे नीलिमा म्हणतात. कारणही ती देते : कोळंबीचे बीज पकडण्यासाठी आलेली नायलॉनची बारीक जाळी. त्या जाळ्यांत कोळंबीच्या बीजाबरोबर इतर माशांची अंडीही येतात. जाळ्यांवर बंदी यावी असा प्रयत्न झाला, पण कोळंबीच्या धंद्यातला पैसा आणि राजकारण यांपुढे तो टिकला नाही. हे सर्व मोयना एका दमात सांगते. तुतुलला शाळेत घालण्यामागे कोळ्याच्या धंद्याविषयीचा तुच्छभाव नाही. त्यामागे साधनसंपत्तीच्या भवितव्याचा हिशेब आहे.

संपूर्ण कादंबरीत समुद्र आणि खाड्या बदलत आहेत हे ओळखून, त्याचे कारण सांगून, त्यानुसार कुटुंबाचा निर्णय घेणारे एकमेव पात्र मोयना आहे. पियाचे लक्ष डॉल्फिनकडे, निर्मलचे क्रांतीकडे, कनाईचे स्वतःकडे आहे. फोकिरला पाणी आज कसे आहे ते कळते. ते उद्या कसे असेल याचा विचार मोयना करते. अनुकूलन या शब्दाचा काही अर्थ असेल तर तो दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानात अधिक आहे. स्मृतीवर उभे असलेले ज्ञान पाणी पूर्वीसारखे वागते तोवरच उपयोगी पडते. मासळीचे मार्ग बदलले, खारेपणा वर सरकला, वादळांचा जोर वाढला की त्या ज्ञानाला नव्याने शिकावे लागते. फोकिरला हे जमले नसते असे नाही. कादंबरीने त्याला तशी संधी दिली नाही इतकेच.

मोयनाच्या मागे नीलिमा उभी आहे. कोळी पाण्यावर गेले की त्यांच्या बायका पांढरे वस्त्र नेसतात, बांगड्या काढतात. परत येईपर्यंत त्या विधवाच असतात, आणि अनेकींचे तेच कायमचे होते. तरुण नीलिमाने हे पाहिले आणि स्त्रियांची संघटना उभारली. तिचीच पुढे बादाबन ट्रस्ट झाली. दवाखाना, विहिरी, कर्ज, प्रशिक्षण अशी कामे वर्षानुवर्षे चालली. नवरा निर्मल या कामाला मनातून हिणवीत असे. त्याच्या दृष्टीने ती किरकोळ समाजसेवा होती. कादंबरी मात्र निर्मलच्या वहीला तिच्या अर्ध्या भागाचा आवाज बहाल करते आणि नीलिमाच्या कामाला पार्श्वभूमीचे स्थान देते. शेवटी वही पाण्यात जाते व ट्रस्ट टिकते, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

बांध : आठवणींचा आणि दुरुस्तीचा

निर्मलच्या वहीत बांधाविषयीचा एक अप्रतिम प्रसंग आहे. लहानग्या फोकिरला तो बेटाच्या बांधावर नेतो आणि त्याला बांधाला कान लावायला सांगतो. आतून खरवडल्यासारखा आवाज येतो. तो खेकड्यांचा असतो. खेकडे आतून माती पोखरत असतात, बाहेरून भरती, वारा, वादळ. हे नाजूक कुंपण किती दिवस टिकणार, असा प्रश्न निर्मलला पडतो. त्याच्या दृष्टीने बांध ही बेटाची दप्तरवही आहे. कुठे फुटला, कधी फुटला, कोणत्या साली डागडुजी झाली, हे सगळे त्या मातीत साठलेले आहे.

मात्र बांध दुरुस्त कोण करतो, टोपल्या कोण वाहतो, मजुरी कोण देते, निविदा कोणाला मिळते, यांविषयी निर्मल लिहीत नाही. त्याला बांधात इतिहास दिसतो, हजेरीपट दिसत नाही. मार्क्सवादी शिक्षकाच्या नजरेतून श्रमच निसटावेत, हा विरोधाभास घोष यांनी हेतुपुरस्सर ठेवला असेल तर तो फारच सूक्ष्म आहे.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर पाच वर्षांनी, आयलाच्या दिवशी, शेकडो किलोमीटर बांध फुटले किंवा खचले. भातशेतीत खारे पाणी शिरले आणि काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे राहिले. केंद्र शासनाने बांधांच्या पुनर्बांधणीसाठी सुमारे ५,०३२ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परंतु रुंद आणि उंच बांधासाठी जमीन लागते. ती मिळण्यात अडचणी आल्या आणि निधीचा मोठा भाग उपयोगात आला नाही. हे वरवर प्रशासकीय अपयश वाटते. प्रत्यक्षात हा अनुकूलनाचा मूळ पेच आहे. बांध मागे घ्यायचा तर कोणाचे तरी शेत, कोणाचे तरी घर बांधाबाहेर, म्हणजे नदीला द्यावे लागते. बेट वाचावे म्हणून कोणी बाहेर राहायचे? ‘समाजाचे अनुकूलन’ असे एकवचनात म्हटले की हा प्रश्न दिसेनासा होतो. समाज एक नसतो. बांधालगतची झोपडी आणि बेटाच्या मध्यभागातले पक्के घर यांना भरती सारखी दिसत नाही.

पिकांच्या बाबतीतही असाच धडा मिळाला. नोना बोकरासारखे खारेपणा सोसणारे देशी भात हा या प्रदेशाचा जुना ठेवा. जगभरच्या भातसंशोधनात त्या वाणाचा उपयोग झालेला आहे. पण अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांच्या लाटेत असे देशी वाण बांधावरच्या शेतकऱ्याच्या कणगीतूनच नाहीसे होत गेले. आयलानंतर त्यांची पुन्हा शोधाशोध झाली आणि देबल देब यांच्या बियाणे-संग्रहातून काही वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. ज्ञान हरवते ते वाघामुळे किंवा वादळामुळेच असे नाही. चांगल्या हेतूने आलेल्या योजनेमुळेही हरवते.

वरचा मजला

‘द हंग्री टाइड’मधील सर्वांत कमी चर्चा झालेला तपशील लुसीबारीच्या रुग्णालयाशी संबंधित आहे. निर्मलने त्या रुग्णालयासाठी फारसे काही केले नाही. त्याने एकच आग्रह धरला : इमारतीचा काही भाग वादळात आसरा घेता येईल असा बांधावा. या प्रदेशातील वादळांचा इतिहास त्याने वाचलेला होता. मातला नदीवर बंदर उभारू नये, असे हेन्री पिडिंग्टन यांनी बजावले होते. ‘सायक्लोन’ हा शब्द ज्यांनी घडविला तेच हे पिडिंग्टन. त्यांचे कोणी ऐकले नाही, कॅनिंग बंदर झाले आणि १८६७ च्या वादळात उद्ध्वस्त झाले. ही कथाही निर्मल सांगतो. आयुष्यभर क्रांतीची वाट पाहणाऱ्या या माणसाच्या हातून घडलेली टिकाऊ गोष्ट म्हणजे हा मजला. कादंबरीच्या शेवटी वादळ येते तेव्हा गाव तेथेच चढते आणि वाचते.

या तपशिलाचे मोल कळण्यासाठी सीमेपलीकडे पाहावे लागते. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन लाखांहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज आहे. १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार, २००७ च्या ‘सिद्र’मध्ये तीन हजारांहून अधिक, आणि २०२० च्या ‘अम्फान’मध्ये काही डझन. वादळे सारखीच नव्हती, हे खरे. तथापि एवढा फरक वाऱ्याच्या वेगाने समजत नाही. १९७२ पासून उभारलेली स्वयंसेवकांची फळी, गावोगावी दिली जाणारी सूचना आणि खांबांवर उभारलेली आसरागृहे यांचा तो परिणाम आहे. ही आसरागृहे बहुधा एरवी शाळा म्हणून वापरली जातात. अनुकूलनाचे याहून यशस्वी उदाहरण जगात शोधून सापडणे कठीण. त्यात गूढ असे काही नाही. सिमेंट, कर्णे, सायकली आणि वर्षानुवर्षांचा सराव आहे.

घोष यांनी हा मजला कादंबरीत ठेवला, पण कॅमेरा फिरावा तशी लेखकाची नजर तेथून पुढे फोकिर-पियाच्या झाडाकडे गेली. वादळाचे भव्य वर्णन तिकडे आहे. मजल्यावर एकत्र आलेल्या शेकडो माणसांची ती रात्र जवळजवळ अलिखित राहते.

मरिचझापी : जुळवून घेतलेल्यांचे काय झाले

अनुकूलनक्षमतेचा प्रश्न निघाला की ‘बेटवासीयांकडे क्षमता नाही, ती निर्माण केली पाहिजे’ असा सूर लागतो. या सुराला कादंबरीनेच उत्तर दिलेले आहे. दंडकारण्यातून परतलेले बंगाली निर्वासित १९७८ साली मरिचझापी बेटावर उतरले. निर्मल तेथे जातो तेव्हा थोड्याच अवधीत बांध घातलेले, मिठागरे आखलेली, कूपनलिका खोदलेल्या, मत्स्यपालनासाठी पाणी अडविलेले, होड्या बांधण्याचे काम चालू असलेले त्याला दिसते. ओसाड खाऱ्या बेटावर माणसांनी काय करावे याचा इतका परिपूर्ण नमुना कादंबरीत दुसरा नाही. जानेवारी १९७९ मध्ये शासनाने बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात ते बळाने रिकामे केले. कारण दिले गेले ते संरक्षित वनाचे. फोकिरची आई कुसुम तेथेच मारली जाते.

रॉस मलिक आणि अनु जलै यांच्यासारख्या अभ्यासकांनी या घटनेवर केलेले लेखन उपलब्ध आहे. येथे तपशिलात जाण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, मरिचझापीत कौशल्याची वाण नव्हती. तेथे राहण्याचा हक्क नव्हता.

‘गन आयलंड’ : पाण्याकडून निघून जाण्याकडे

पंधरा वर्षांनंतरच्या कादंबरीत लुसीबारी बदललेले आहे. आयलाच्या वेळी ट्रस्टने लोकांना वेळेवर हलविले, त्यामुळे जीवितहानी मर्यादित राहिली. वरच्या मजल्याचा धडा पुरता गिरविला गेला होता. परंतु वादळ ओसरल्यावर जे उरले त्यावर आसरागृहाचा उपाय नव्हता. बांध वाहून गेले, पूर्वी कधी खारे पाणी न पाहिलेल्या शेतांत समुद्र आला, मासळी घटली, विहीर खोदावी तर आर्सेनिकयुक्त पाणी लागले. हलविलेली माणसे परतलीच नाहीत. तरुण मुले शहरांत, दलालांच्या हाती, परदेशांत पांगली. वादळ हे एका रात्रीचे संकट, खार हे एका पिढीचे, असा भेद ही कादंबरी स्पष्टपणे करते. तिचे हे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे. शासकीय यंत्रणा पहिल्या संकटाशी झुंजायला बऱ्याच अंशी शिकल्या आहेत. दुसऱ्यासाठी त्यांच्याकडे अद्याप रकाना नाही.

मोयनाचा तुतुल आता टिपू या नावाने वावरतो. पियाच्या साहाय्याने तो शिक्षणासाठी अमेरिकेत जातो, तेथे रमत नाही, परततो आणि माणसे सीमापार धाडण्याच्या व्यवहारात शिरतो. रफी हा कोळ्याच्या घरातला मुलगा. नद्या, जंगल, प्राणी पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, त्यामुळे आपल्याप्रमाणे तुला जगता येणार नाही, असे त्याच्या आजोबांनी त्याला सांगून ठेवलेले आहे. फोकिरचे ज्ञान येथे वारशाने मिळत नाही. मिळते ती त्या ज्ञानाच्या मर्यादेची सूचना. मग कादंबरी या मुलांबरोबर व्हेनिसकडे, भूमध्य समुद्रातल्या निळ्या होडीकडे निघते. डॉल्फिन, कोळी, सर्प आणि दंतकथेतला सौदागर असे सगळेच स्थलांतरित ठरतात.

ही कल्पना भव्य आहे. पण तिने एक सोयही करून दिली आहे. पहिल्या कादंबरीत बेटावर राहणे म्हणजे फोकिरसारखे एकरूप असणे; दुसरीत बेट सोडणे म्हणजे टिपूसारखे निघून जाणे. या दोहोंच्या मध्ये जे बहुसंख्य आहेत, जे राहतात आणि एकरूपही नसतात, त्यांचे कथानक कोणते? घरातला एक माणूस केरळात किंवा बेंगळुरूत मजुरीला जातो, त्याच्या पैशांतून जोते उंच होते, बायको तळ्यातले खारे पाणी उपसून गोड पाणी भरण्याची वाट पाहते, बचत गटातून खारफुटीची रोपे लावते, आणि पुढच्या पौर्णिमेच्या भरतीला बांधावर जाऊन उभी राहते. अम्फाननंतर पश्चिम बंगाल शासनाने पाच कोटी खारफुटी रोपांच्या लागवडीची घोषणा केली. अशा लागवडीतील चिखलातले काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी केले आहे. स्थलांतर आणि स्थैर्य हे येथे परस्परविरोधी पर्याय राहत नाहीत. एकाच कुटुंबाचे ते दोन हात आहेत. ‘गन आयलंड’मध्ये या दोन हातांपैकी एकच दिसतो.

असंभाव्य आणि नेहमीचे

‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) या ग्रंथात घोष यांनी एक प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. वास्तववादी कादंबरी संभाव्यतेवर उभी आहे. असंभाव्य घटनांना तिने दाराबाहेर ठेवले. म्हणून हवामानसंकट तिच्या पकडीत येत नाही. ‘गन आयलंड’मधील योगायोगांची आणि अद्भुताची रेलचेल हा या सिद्धान्ताचाच प्रयोग होय. सिद्धान्त विचारार्ह आहे, शंका नाही. पण सुंदरबनच्या संदर्भात तो उलटा लावून पाहावा असे वाटते. येथे कादंबरीच्या हातून निसटले आहे ते असंभाव्य नव्हे. दोन्ही कादंबऱ्यांत वादळे, वाघ, नाग, स्वप्ने यथेच्छ आहेत. निसटले आहे ते अतिशय नेहमीचे, म्हणजे दुरुस्तीचे काम. दर महिन्याला होणारे, कधीच पूर्ण न होणारे, ज्याला आरंभ-मध्य-अंत नाही असे. वादळाचे प्रकरण लिहिता येते. बांधाच्या डागडुजीचे प्रकरण लिहायचे तर दरवर्षी तेच लिहावे लागेल. एकोणिसाव्या शतकातील ज्या वास्तववादी कादंबरीवर घोष यांचा आक्षेप आहे, तिला दैनंदिन श्रम, हिशेब, भांडणे, वारसाहक्क यांचे चित्रण चांगले साधत असे. मोयनाची कादंबरी लिहायची झाली तर कदाचित तीच जुनी, संथ पद्धत उपयोगी पडली असती.

अध्यापनाच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत ही कादंबरी शिकविली जाते तेव्हा समोर बसलेल्या मुला-मुलींत मच्छीमारांची मुले असतात. त्यांच्यापुढे फोकिर हा आदर्श म्हणून ठेवला तर त्यांना मिळतो तो शिक्षणाशी विसंगत असा गौरव : न शिकलेला, न बोलणारा, मरून अमर झालेला. नायलॉनच्या जाळ्यांविषयीचे मोयनाचे बोलणे वर्गात वाचले तर त्याच मुलांना त्यावर पुष्कळ काही सांगता येते. बारीक आसाची जाळी, परप्रांतीय ट्रॉलर, पावसाळ्यातील बंदी आणि तिचा भंग हे त्यांच्या घरचे विषय आहेत. त्यासाठी कादंबरीची मधली ती चार-पाच पाने परीक्षेच्या दृष्टीने ‘महत्त्वाची’ ठरवावी लागतील. सध्या तो मान बोनबीबीच्या कथेला आहे.

घोष यांनी २०२१ साली ‘जंगलनामा’त ती कथा पद्यरूपात पुन्हा सांगितली. मोयनाकडे मात्र ते त्यात परतले नाहीत. ‘गन आयलंड’मध्ये ती आहे, आता अनुभवी परिचारिका म्हणून. मुलगा समुद्रापलीकडे निघून जातो, कादंबरी त्याच्यामागे जाते, आणि मोयना बेटावर राहते.